चहाची आठवण आणि बाजूला ठेवलेला कप

दरवर्षी २१ मे या दिवशी, म्हणजे संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेल्या जागतिक चहा दिनाच्या सुमारास, मराठीत एक ठरलेला वाद नव्याने सुरू होतो. एका बाजूला बालपणीच्या चहाच्या आठवणी सांगणारे असतात: चुलीवरचे पातेले, गवती चहाचा वास, आजोबांच्या बशीतून मिळालेला घोटभर चहा आणि त्यात बुडवलेली शिळी चपाती. दुसऱ्या बाजूला चहा हे इंग्रजांनी लावलेले व्यसन आहे, त्याच्या आठवणी काढून गहिवरणे म्हणजे गुलामगिरीचे कौतुक करणे होय, असे म्हणणारे असतात. पहिले लोक चहाला आपली संस्कृती म्हणतात, दुसरे त्याला संस्कृतीवरचे आक्रमण म्हणतात. एप्रिल २०१२ मध्ये नियोजन आयोगाचे तत्कालीन उपाध्यक्ष माँटेकसिंग अहलुवालिया यांनी आसाममध्ये बोलताना चहाला राष्ट्रीय पेय घोषित करण्याचा मनोदय जाहीर केला, तेव्हाही चर्चा याच दोन वळणांवर गेली होती. ती घोषणा पुढे प्रत्यक्षात आली नाही, पण वाद तसाच राहिला.

मला हा वाद दोन्ही बाजूंनी चुकीच्या जागी लढवला जात असल्याचे वाटते. चहा किती जुना आणि तो कोणी आणला, या प्रश्नाभोवती दोघेही फिरत राहतात, आणि ज्या प्रश्नाला खरोखर वजन आहे तो कोणीच विचारत नाही: आपल्या बालपणी घरात, गोठ्यात, हॉटेलात आणि अंगणात चहा कोणाला कोणत्या भांड्यात मिळत होता, आणि कोणाला मिळतच नव्हता? माझे म्हणणे असे की चहाच्या आठवणी जरूर सांगाव्यात, किंबहुना आज सांगितल्या जातात त्याहून जास्त सांगाव्यात, परंतु त्या अर्ध्या सांगू नयेत. चहाने माणसे जोडली, हे वाक्य जसे सर्रास वापरले जाते तसे ते खरे नाही. माणसांनी चहाच्या निमित्ताने कधी माणसे तोडली आणि कधी मोठी किंमत मोजून जोडली. जोडण्याचे श्रेय पेयाला दिले की ज्यांनी ते काम केले त्यांची नावे पुसली जातात, आणि तोडणारेही हिशेबातून सुटतात.

आधी चहाच्या विरोधकांचे जे खरे आहे ते मान्य केले पाहिजे, आणि ते थोडे नाही. आसामातील चहा मळ्यांचा इतिहास क्रूर आहे. १८३९ मध्ये आसाम कंपनी स्थापन झाली आणि पुढच्या काही दशकांत छोटा नागपूर, ओडिशा आणि मध्य भारतातून लाखो आदिवासी व भूमिहीन माणसे मळ्यांवर नेण्यात आली. १८५९ च्या कायद्याने मजुराने करार मोडणे हा फौजदारी गुन्हा ठरवला, आणि १८६५ पासून १९०८ पर्यंत पळून जाणाऱ्या मजुराला स्वतःच पकडण्याचा अधिकार मळेवाल्यांच्या हाती होता. १९२१ मध्ये सुरमा खोऱ्यातील चरगोला भागातून हजारो मजूर मळे सोडून गावाकडे निघाले, ते याच जाचाला कंटाळून. त्याआधीचा चिनी चहाही स्वच्छ नव्हता. इंग्रज तो अफूच्या पैशातून विकत घेत होते आणि माळव्याची अफू मुंबईच्या बंदरातून चीनकडे जात होती. भारतीयांना चहाची गोडी आपोआप लागली नाही, हेही खरे. १९०३ मध्ये चहावर उपकर बसवून त्या पैशातून प्रचार सुरू झाला, आणि पहिल्या महायुद्धानंतर गिरण्या, खाणी आणि रेल्वे स्थानके यांच्यात चहा जाणीवपूर्वक पोचवण्यात आला. महात्मा गांधी आणि रसायनशास्त्रज्ञ प्रफुल्लचंद्र राय यांच्यासारख्यांनी चहाला विरोध केला तो उगाच नाही. याच चहाची जाहिरात १९४७ च्या सुमारास चरखा चालवणाऱ्या स्त्रीचे चित्र काढून ‘शंभर टक्के स्वदेशी’ म्हणून केली गेली, यावरून प्रचाराचे हात किती लांब होते ते कळते.

हे सगळे मान्य केल्यावरही त्यातून ‘म्हणून चहाची आठवण ही आपली आठवण नव्हे’ असा निष्कर्ष निघतो का? उपवासाच्या दिवशी मराठी घरात जे ताट वाढले जाते त्याकडे पाहावे. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, बटाटा, शेंगदाणा आणि हिरवी मिरची ही चारही पिके अमेरिका खंडातून युरोपीय दर्यावर्दींच्या मागोमाग आपल्याकडे आली. ती परकी म्हणून एकादशीची खिचडी आपली नाही, असे कोणी म्हणेल का? एखादी गोष्ट कोठून आली यापेक्षा तिचे पुढे आपण काय केले हे परंपरेच्या दृष्टीने महत्त्वाचे असते. इंग्रजांचा दुपारचा चहासुद्धा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापेक्षा फारसा जुना नाही. मोरोक्कोमधील पुदिन्याचा हिरवा चहा त्या देशाची ओळख मानला जातो, पण १८५३ ते १८५६ च्या क्रिमियन युद्धामुळे नेहमीची बाजारपेठ बंद झालेल्या व्यापाऱ्यांनी आपला माल तिकडे वळवला, तेव्हापासून तो तेथे खऱ्या अर्थाने घरोघरी गेला. आपल्याकडेही प्रचारकांना हवा होता तसा चहा लोकांनी प्यायला नाही. पत्ती कमी, दूध-साखर जास्त आणि वर आले, वेलदोडा, सुंठ किंवा गवती चहा अशी रीत येथल्या विक्रेत्यांनी आणि गृहिणींनी बसवली; पत्तीचा खप वाढवण्यासाठी धडपडणाऱ्यांना ती पसंत नव्हती. १९३० च्या सुमारास आसामात निघालेल्या यंत्राने दाणेदार, कडक आणि स्वस्त भुकटी तयार होऊ लागली, आणि स्वातंत्र्यानंतर ती खेड्यातल्या चुलीपर्यंत पोचली. आज देशात पिकणाऱ्या चहापैकी सुमारे ८० टक्के देशातच प्यायला जातो. ज्या सवयीत चार पिढ्यांची सकाळ गेली आहे, तिला परकी म्हणून बाजूला सारणे इतिहासाला धरून होणार नाही.

आरोग्याचा आक्षेप याहून बळकट आहे आणि त्यावर मला वाद घालायचा नाही. चहातील टॅनिनमुळे अन्नातील लोह शरीरात नीट शोषले जात नाही, म्हणून जेवणाच्या आधी व नंतर तासभर चहा टाळावा, असा सल्ला राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शिकेत दिला आहे. ज्या देशात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये आणि पाच वर्षांखालील ६७ टक्के बालकांमध्ये रक्तक्षय आढळला, त्या देशात मुलांना न्याहारीबरोबर चहा देऊ नये, हे मला पूर्ण मान्य आहे. मात्र येथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. ‘चहा-चपाती’ ही बालपणाची आठवण म्हणून आज कौतुकाने लिहिली जाते, आणि पोषणतज्ज्ञ तीच वाईट सवय म्हणून सांगतात. पण असंख्य घरांत ती आवडही नव्हती आणि सवयही नव्हती. भाजी नव्हती, दूध विकायला जात होते, म्हणून कोरड्या भाकरीला ओले करण्यासाठी कोरा चहा होता. ऊसतोडीच्या फडावर पहाटे जो चहा होतो तो आजही पोटातली आग थोपवण्यासाठी होतो. चहा-चपातीची आठवण सांगताना त्या घरात भाजी का नव्हती हे सांगितले नाही, तर ती आठवण खाऊनपिऊन सुखी असलेल्या माणसाची होते, ज्याने ती भोगली त्याची राहत नाही.

आता माझ्या दृष्टीने अधिक महत्त्वाच्या बाजूकडे वळतो, कारण चहाचे विरोधक थोडे आहेत आणि चहाचे भक्त आपण जवळजवळ सगळेच आहोत. भक्तांचा सर्वांत मोठा दावा असा की चहा हे समतेचे पेय आहे. टपरीवर श्रीमंत-गरीब एकत्र उभे राहतात, चहाला जात नसते, धर्म नसतो. टपरीवर आज दिसणारे दृश्य काही अंशी खरे आहे आणि ते मौल्यवानही आहे. पण ते पेयाच्या स्वभावातून आलेले नाही. महाराष्ट्रात चहाचा सार्वजनिक इतिहास ज्या घटनेने गाजला तिचा शेवट जोडण्यात नव्हे, बहिष्कारात झाला. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यानानंतर जमलेल्या प्रतिष्ठितांपुढे चहा-बिस्किटे आली. न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक, गोपाळ कृष्ण गोखले अशी मंडळी तेथे होती. काहींनी चहा घेतला, काहींनी केवळ यजमानांचा मान राखण्यासाठी कप हातात धरला. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’मधून प्रसिद्ध करवली आणि शहरात ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचा वाद, उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशीसाठी शास्त्री नेमले गेले, टिळकांनी काशीला घेतलेल्या प्रायश्चित्ताचा आधार दिला आणि रानड्यांनीही १८९२ मध्ये, सुहृदांची कुचंबणा पाहून, प्रायश्चित्त घेतले. ज्यांना उभा देश ओळखत होता अशा माणसांनाही एका कपासाठी धर्मसभेपुढे उभे राहावे लागले, तेथे सामान्य माणसाची काय कथा?

यावर कोणी म्हणेल की ते प्रकरण ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या हातच्या अन्नाचे होते, चहाचे नव्हते. बरोबर आहे, आणि माझा मुद्दा नेमका तोच आहे. चहा हा पाण्याचा असतो, आणि पाणी कोणाच्या हातचे चालते व कोणाच्या हातचे चालत नाही याचे नियम चहापूर्वी कित्येक शतके ठरलेले होते. चहा आला तेव्हा तो त्या नियमांच्या बाहेर उभा राहिला नाही. ते नियमच चहाला लागू झाले. इंग्रजी अमदानीत रेल्वेच्या फलाटांवर हिंदू पाणी आणि मुसलमान पाणी वेगळे होते, तसाच हिंदू चहा आणि मुसलमान चहाही वेगळा होता. गाडी एकच, डबा एकच, उकळते पाणी तेच, आणि तरीही आरोळी वेगळी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर जावे लागले, आणि बाबा आढाव यांना १९७० च्या दशकात ‘एक गाव, एक पाणवठा’ ही मोहीम काढावी लागली. पाणवठा एक झालेला नसताना चहा मात्र सर्वांचा एक होता, असे मानायला आधार कोणता? आजही विधिमंडळाच्या अधिवेशनाच्या पूर्वसंध्येला मुख्यमंत्री चहापानाचे निमंत्रण देतात आणि विरोधी पक्ष बहुतेक वेळा त्यावर बहिष्कार टाकतो, तेव्हा कोणाबरोबर चहा घ्यायचा ही भूमिका असते हे आपण सगळे जाणतो. मग बालपणीच्या आठवणींत आल्यावरच चहा एकाएकी भूमिकाशून्य कसा होतो?

पुण्याच्या त्या प्रकरणानंतर सुमारे तीस वर्षांनी कोल्हापुरात जे घडले ते मला या साऱ्या इतिहासातले सर्वांत महत्त्वाचे पान वाटते, आणि चहावरच्या गोड लेखनात ते क्वचितच येते याचे मला मनापासून वाईट वाटते. संस्थानच्या नोकरीत असलेले गंगाराम कांबळे यांनी सवर्णांसाठी राखीव असलेल्या पाण्याला हात लावला म्हणून त्यांना मारहाण झाली. शाहू महाराजांना हे कळल्यावर त्यांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगाराम यांना नोकरीच्या आसऱ्याला न ठेवता स्वतंत्र धंदा काढण्यास पाठबळ दिले. गंगाराम यांनी भाऊसिंगजी रोडवर चहाचे हॉटेल काढले. भर वस्तीत महाराचे चहाचे हॉटेल, म्हणून गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा महाराज स्वतः आपली गाडी तेथे थांबवून गंगाराम यांच्या हातचा चहा मागवू लागले आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजू लागले. १९१९ मध्ये त्यांनी सार्वजनिक जागा अस्पृश्यांना खुल्या करण्याचे हुकूम काढले होतेच, पण हुकूम काढणे आणि रस्त्यावर सर्वांदेखत तो कप ओठाला लावणे यांत अंतर आहे. हुकुमामुळे एखाद्याला दाराबाहेर काढता येत नाही. पण त्याच्या हातचा चहा पिण्याची इच्छा हुकुमाने निर्माण होत नाही, ती कोणीतरी आधी पिऊन दाखवावी लागते. येथे चहाने माणसे जोडली का? नाही. मार खाऊनही चूल पेटवून रस्त्यावर हॉटेल मांडण्याची हिंमत गंगाराम कांबळे यांची होती, आणि सत्तेचे वजन त्या कपामागे उभे करण्याचा निर्णय शाहू महाराजांचा होता. दोघांपैकी एकही मागे सरला असता तर तोच चहा थंड होऊन ओतून द्यावा लागला असता.

राजधानीच्या रस्त्यावर हे घडत असताना आणि त्यानंतर कित्येक दशके खेड्यातल्या घरात काय चालले होते, ते ज्यांचे बालपण तेथे गेले त्यांना ठाऊक आहे. घरातल्यांच्या कपबश्या फडताळात आणि कामाला येणाऱ्याचा कान तुटलेला कप बाहेर, वळचणीला किंवा गोठ्याच्या कोनाड्यात. कोकणात नारळाची करवंटी. चहा झाला की त्या माणसाने आपला कप स्वतः काढायचा, धुवायचा, पुढे धरायचा. वरून धार ओतली जायची. पिऊन झाल्यावर तो पुन्हा धुऊन जागच्या जागी ठेवायचा. हॉटेलातही निराळे नव्हते, बाकड्याऐवजी पायरी आणि पेल्याऐवजी बाहेरचा पेला. आठवण सांगणारे येथे म्हणतात की आम्ही तेव्हा लहान होतो, आम्हाला काय कळत होते, आमच्या निरागस आनंदावर समाजशास्त्राचे ओझे का टाकता? हा मला आठवणवाल्यांचा सर्वांत प्रामाणिक आक्षेप वाटतो. लहान मुलाला दोष देता येत नाही, आणि आजीच्या हातच्या चहातली माया खोटी होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण त्या अंगणातला चहा बाहेर बसलेल्या माणसापर्यंत नेऊन देण्याचे काम बहुधा कोणाकडे असे? घरातल्या मुलाकडेच. हात वर धरून ओत, शिंतोडा उडू देऊ नकोस, त्याच्या कपाला पातेले टेकवू नकोस, या सूचना त्याला तेव्हाच मिळत. कोणतेही पुस्तक वाचण्याआधी, कोणतेही व्रत कळण्याआधी, माणसामाणसांतले अंतर किती बोटांचे असते याचा पहिला धडा अनेकांनी चहाच्या पातेल्याशी गिरवला. म्हणजे बालपण हे त्या रीतीपासून दूर राहिलेले ठिकाण नव्हते, ती रीत शिकवण्याचे ठिकाण तेच होते. शिवाय आठवण सांगणारा आज मूल नाही. त्याला बशीचा रंग आठवतो, वेलदोड्याचा वास आठवतो, स्टोचा आवाज आठवतो. कोनाड्यातला कप तेवढा आठवत नसेल, तर निवड मुलाने केलेली नाही, ती लिहिणाऱ्या प्रौढाने केलेली आहे.

आणि हे विसरणे सर्वांना सारखे परवडत नाही. ज्याच्या आजोबांनी तो कप धुऊन वळचणीला ठेवला, त्या नातवाच्या घरीही चहाची आठवण आहे. त्याच्या घरातही चूल होती, माया होती, आले घातलेल्या चहाचा वास होता. पण बाहेरच्या जगातल्या चहाची त्याच्या घरी सांगितली जाणारी गोष्ट निराळी आहे. मराठीतल्या दलित आत्मकथनांनी ती गोष्ट गेल्या पन्नास वर्षांत निर्भीडपणे मांडली. चमत्कारिक गोष्ट अशी की साहित्याचे वाचक म्हणून आपण ती वाचतो, तिला दाद देतो, आणि स्वतःच्या आठवणी लिहायला बसलो की तोच कालखंड, तेच गाव, तोच चहा आपल्या लेखनात असा येतो की जणू तेथे दुसरे कोणी राहतच नव्हते. एकाच अंगणातल्या दोन आठवणी एकमेकींना भेटतच नाहीत. त्या भेटवायच्या असतील तर ज्यांच्या हातात कपबशी होती त्यांनी पुढे यायला हवे, कारण दुसऱ्या बाजूने आपले सांगून केव्हाच झाले आहे.

स्त्रियांच्या बाबतीत आठवणींचा अर्धवटपणा याहूनही सहज खपून जातो, कारण तेथे मायेचे आवरण दाट असते. ‘आईच्या हातचा चहा’ यावर आपण भरभरून लिहितो. आईने तो कधी आणि किती प्यायला, हे किती जणांना सांगता येईल? सकाळी सर्वांत आधी उठून चहा ठेवणारी बाई बहुतेक घरांत सर्वांत शेवटी चहा घेत असे, आणि अनेकदा तो चोथ्यावर पुन्हा पाणी घालून उकळलेला असे. मुलगे दुधाचे धनी आणि मुली फुळकवणी चहाच्या, अशी वाटणी असलेली घरे थोडी नव्हती. चहा प्यायल्याने काळे होते, ही धास्तीही मुलींनाच जास्त घातली जाई, कारण रंगावर लग्न अडत असे. आणि त्याच मुलीला पुढे चहा-पोह्यांचा ट्रे घेऊन पाहुण्यांपुढे यावे लागे, हात थरथरतो का हे पाहणाऱ्या डोळ्यांसमोर. हॉटेलात जाऊन चहा पिणे हे तर चांगल्या घरच्या बाईसाठी अनेक वर्षे निषिद्धच होते. चहाच्या टेबलाभोवती रंगलेल्या साहित्यिक आणि राजकीय गप्पांचा जो अभिमान आपण बाळगतो, त्या टेबलाभोवती अर्धा समाज नव्हता. तरी हेही नोंदवायला हवे की दुपारी घरातली पुरुष मंडळी बाहेर असताना शेजारणींनी एकत्र येऊन केलेला चहा ही पुष्कळ स्त्रियांना दिवसभरात मिळालेली एकमेव स्वतःची वेळ होती. त्या चहावर कोणी लेख लिहिले नाहीत. खऱ्या अर्थाने जोडणारा चहा शोधायचाच असेल तर तो मला त्या माजघरात अधिक सापडेल असे वाटते.

शेवटचा आणि सर्वांत वारंवार येणारा आक्षेप असा की हे सारे मागे पडले. घटनेने अस्पृश्यता नष्ट केली, दुकाने आणि उपाहारगृहे सर्वांना खुली केली, १९५५ चा कायदा झाला, मग जुन्या जखमेवरची खपली काढून काय मिळणार? परिस्थिती बदलली हे नाकारणे खोटेपणाचे होईल. गावातल्या हॉटेलात बाहेरचा पेला पूर्वीसारखा उघड टांगलेला दिसत नाही आणि शहरातल्या टपरीवर कागदी कपाने सगळ्यांना एका रांगेत आणले आहे. पण फेकून देण्याच्या कपात दिलेल्या समतेवर किती विसंबायचे? खरी कसोटी त्या कपाची आहे जो धुऊन पुन्हा फडताळात ठेवायचा असतो. आज शहरांतल्या सुशिक्षित घरांत धुणेभांडी करणाऱ्या बाईसाठी, पाणी भरणाऱ्यासाठी, पहारेकऱ्यासाठी वेगळा स्टीलचा पेला सिंकच्या खाली किंवा खिडकीच्या कठड्यावर ठेवलेला असतो. कारण विचारले तर स्वच्छतेचे सांगितले जाते. जी बाई घरातली सगळी भांडी घासते तिच्या ओठांचा कप मात्र अस्वच्छ, हे कोणत्या आरोग्यशास्त्रात बसते? बाहेरगावाहून प्रवास करून आलेल्या अनोळखी पाहुण्यासमोर आपण बिनदिक्कत घरातली कपबशी ठेवतो. संसर्गाचीच भीती असती तर आधी त्याला वेगळा पेला दिला असता. म्हणजे कारण जुनेच आहे, फक्त त्याची भाषा नवी आहे. आणि ही नवी भाषा इतक्या सहज चालते याचे एक कारण असे की आपल्या आठवणींच्या लेखनाने जुना कप नजरेआड केला. तो पाहिलेला आठवत असता, तर खिडकीतला स्टीलचा पेला ओळखायला वेळ लागला नसता.

पूर्ण आठवण सांगितली की तिची गोडी जाईल, अशी भीती मला अनेकांच्या बोलण्यात जाणवते. मला ती निराधार वाटते. कोल्हापूरची गोष्ट ऐकल्यावर चहा कोणाला कडू लागला? उलट त्या गोष्टीमुळे एका साध्या कपाला जी प्रतिष्ठा येते, ती कोणत्याही जाहिरातीने किंवा राष्ट्रीय पेयाच्या घोषणेने येणार नाही. अशा छोट्या गोष्टी गावोगाव घडलेल्या असणार. कोठे एखाद्या शिक्षकाने शाळेत सर्वांसाठी एकच पेले आणले असतील, कोठे नव्या सुनेने सासूचा शब्द मोडून गड्याला घरातल्या कपात चहा दिला असेल, कोठे मुलानेच कोनाड्यातला कप आणून आतल्या कपांत मिसळला असेल. त्या घडल्या त्याच वेळी कोणी लिहून ठेवल्या नाहीत, आणि ज्यांनी त्या पाहिल्या ती माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत. अनेक खेड्यांत चहाची भुकटी घरात पहिल्यांदा आल्याचे पाहिलेली पिढी हीच. तिच्याशी बोलताना पातेले कसले होते आणि त्यात काय काय पडत असे, एवढ्यावर थांबू नये. चहा कोणासाठी आधी गाळला जाई, बाहेर कोण बसत असे, त्याचे नाव काय होते, त्याचा कप कोठे असे, तो कप कोणत्या वर्षी निघाला आणि तो कोणी काढला, हेही विचारावे. ज्या घरातून तो कोणी जाणीवपूर्वक काढला असेल, त्या घरच्या चहाच्या आठवणीत त्या माणसाचे नाव सर्वांत आधी यायला हवे, आणि त्याबरोबर त्या कपातून इतकी वर्षे ज्याने चहा प्यायला त्याचेही.